बागेतली तोफ

आम्ही कॉर्नवॉलचे तोफवेडे. लिलावाच्या आदल्या दिवशी तोफा बघायला जमलो की मनात भरलेल्या तोफेलाच नावं ठेवतो, म्हणजे दुसरे बोली लावत नाहीत. सगळेच तसं करतात, म्हणून कुणी कुणाचं ऐकत नाही. कधीच खोटं न बोलणारा एकटा जॅगो ट्रेव्हेला.

त्या दिवशी एका पितळी तोफेवरून हात फिरवत तो म्हणाला, "जहाजावरची कसली? नकली आहे. बागेत ठेवायला ठीक."

झालं! दुसऱ्या दिवशी त्या तोफेसाठी एकच हात वर गेला, जॅगोचा.

रविवारी त्याने आम्हाला चहाला बोलावलं. तोफ बागेत चकचकीत पुसून ठेवली होती.

"अस्सल आहे रे! हा शिक्का बघा. परवा मी थाप मारली होती."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जॅगो आणि थाप?

म्हाताऱ्या पॅस्कोने येताना जिरेनियमची कुंडी आणली होती. ती तोफेशेजारी ठेवून त्याने जॅगोच्या खांद्यावर हात ठेवला.

"बागेसाठी घेतलीस, यात लाज कसली? या वयात खोटं कशाला बोलायला लागलास?"