बारशाचं सेटिंग

गेलेल्या आईचं डोकं मांडीवर घेऊन विश्वंभर ढसाढसा रडत होता. "दौलतराव, शेवटचा फोटो आहे, नीट काढा!"

फोटोग्राफर दौलतराव बटण दाबत होते, पण स्टँडवरचा नवा कॅमेरा ढिम्म. शिंच्याला सतराशे साठ बटणं, महिना झाला तरी हात बसेना. मग आठवलं, सकाळच्या बारशाचं सेटिंग तसंच राहिलंय. समोर कुणी हसलं तरच फोटो निघायचा, तोही आपोआप. ओशाळून ते सेटिंगची चकती फिरवायला वाकले, तोच कॅमेरा खटकन वाजला.

त्यांनी पडद्यावर पाहिलं. आईच्या हातातली सोन्याची पाटली विश्वंभरच्या मुठीत आली होती, आणि तो खुशाल हसत होता. दौलतरावांना शिसारी आली.

"आला का नीट?" विश्वंभरनं पुन्हा गळा काढत विचारलं.

"हुबेहूब आलाय. तेराव्याला हाच मोठा करून लावू."