सोयीची जागा

पाच गावांनी पंधरा वर्षं मागितलेला दवाखाना एकदाचा मंजूर झाला, आणि तो कुठे बांधायचा हे शहरातल्या साहेबांच्या कम्प्युटरने ठरवलं. लांडग्यांचा कळप शिकार कशी घेरतो, त्यावरून म्हणे ते गणित बेतलं होतं. ग्रामसभेत साहेबांनी नकाशावरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवलं.

"पाचही गावांच्या पायवाटा इथे, जंगलात जुळतात. शिवाय दगडांची रास आयतीच पडली आहे, पायाला कामी येईल."

पुढे बसलेल्या गुणाबाई उठून उभ्या राहिल्या. वाघाने माणूस नेला की त्या जागी येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो, आणि ती रास त्यांच्या नवऱ्याची होती. आता त्याच वाटेने पोटुशी सून दवाखान्यात पाठवायची होती.

"तुमच्या गणितात वाघ धरला का नाई, साहेब?"

"त्याची गरज नसते, बाई. कोणत्या वाटेने किती माणसं जातात, तेवढंच मोजायचं असतं."

"वाघानं बी तेवढंच मोजलं होतं."