मॅच कधी?

नोकरी सोडून मी लाइफ कोच झाले, त्याला सात महिने झाले. सकाळी लोगोचा रंग बदलायचा, दुपारी वेबसाइटशी झटापट, संध्याकाळी दुसऱ्या कोचचे व्हिडिओ; मान वर करायला फुरसत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पाच रंगांच्या पेनांनी गच्च भरलंय. तरी दिवस मावळला की आज नेमकं केलं काय, तेच आठवत नाही.

काल मावशी राहायला आली. तिने उभ्या आयुष्यात एकच कोच पाहिलेला, तिच्या शाळेतला व्हॉलीबॉलचा. तासभर माझी धावपळ बघून तिने विचारलं, "काय चाललंय गं हे?"

"प्रॅक्टिस उभी करतेय, मावशी."

"सात महिने नुसती प्रॅक्टिस?" ती बुचकळ्यात पडली. "मग मॅच कधी आहे?"

मला हसू फुटलं. "अगं, तसली प्रॅक्टिस नाही ही!"

"बरं, नसेल. पण तुझ्या टीममध्ये आहे तरी कोण?"

"थांब, सांगते," म्हणत मी कॅलेंडरकडे वळले. पाचही रंग दोनदा धुंडाळले. एकाही चौकोनात माणसाचं नाव नव्हतं.