भाऊबीजेचा फोटो

"आई, कुंकू नळीला लावा, भिंगाला नको!" दुर्बिणीला कॅमेरा जोडता जोडता ऋजुता सासूवर ओरडली. हेमलताबाईंनी बोट चटकन मागे घेतलं.

परसातल्या शेवग्यामागे चंद्राची बारीक कोर उतरत होती. हेमलताबाईंना भाऊ नव्हता, म्हणून दर भाऊबीजेला त्या चंद्रालाच ओवाळायच्या. यंदा मात्र चंद्रावरच्या वसाहतीतल्या आठजणांनी निरोप धाडला होता, "आम्हाला ओवाळणाऱ्या तायांनो, दिवेलागणीला इकडे बघा."

हेमलताबाई दुर्बिणीसमोर तबक ओवाळू लागल्या, तसा पडद्यावरचा चंद्र थरथरला.

"निरांजन लांब न्या! गरम हवेनं फोटो बिघडतोय."

"भावाला कुणी लांबून ओवाळतं का गं?"

"चार लाख किलोमीटरवरून ओवाळताय, आणखी चार पावलं मागे सरका!"

त्या कुरकुरत सरकल्या. चित्र स्थिरावलं. कोरीशेजारच्या अंधाऱ्या भागात एक ठिपका लुकलुकला, चांगला आठ वेळा. ऋजुतानं पटापट फोटो टिपले.

हेमलताबाईंनी पदरानं डोळे पुसले.

"साठ वर्षं फुकट ओवाळून घेतलं चांदोबानं," त्या म्हणाल्या, "आज कुठे ओवाळणी घातली!"