तांदळांवर लिहिलेलं नाव

“आजी, लग्नाआधी तुमचं नाव काय होतं?” विद्यापीठात लिंगभाव शिकणाऱ्या मुलीनं विचारलं, आणि सुलोचनाबाईंचा अडकित्ता सुपारीवरच थांबला. नाव आठवेना.

लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘सुलोचना’ लिहिलं. त्या नावानं सासूनं अशा हाका ठोकल्या की जुनं बिचारं वेशीबाहेर पळालं. आता ते ठाऊक असलेला एकच उरला होता, थोरला भाऊ.

दुसऱ्याच दिवशी बाई एसटीनं माहेरी धडकल्या.

“दादा, माझं जुनं नाव सांग रे.”

खाटेवरच्या म्हाताऱ्यानं डोळे बारीक केले. “कोण बाई तुम्ही?”

“मी सुलोचना. तुझी धाकटी बहीण.”

“छे! माझ्या बहिणीचं नाव सुलोचना नव्हतं.”

“मग काय होतं?” बाईंनी त्याचा हात घट्ट धरला.

त्यानं तो सोडवून घेतला. “घरातल्या पोरीचं नाव परक्या बाईला कशाला सांगू?”