ठेवलेला निरोप

नळ बंद झाला तसं घर एकदम गप्प झालं, आणि तेवढ्यात ओट्यावरचा फोन एकदाच टिंग करून थांबला. मघापासून वाजत असणार. मोरीतल्या पाण्याच्या आवाजात ऐकूच आला नव्हता. आता कुणीतरी निरोप ठेवला होता.

तिनं मुलीला टॉवेलात गुंडाळलं, कडेवर घेतलं आणि ओल्या बोटानंच निरोप लावला.

“नमस्कार. मी दवाखान्यातून बोलतेय.”

नवी मुलगी होती. दवाखान्यात तिच्याच टेबलाशी बसणारी, तिनंच कामाला लावलेली. ‘ताई, मेले मी आज’ असं म्हटल्याशिवाय जिचा दिवस सुरू होत नाही ती.

“आपल्यासाठी निरोप आहे. सवडीनं फोन करावा. डॉक्टर आज उशिरापर्यंत थांबणार आहेत. नंबर सांगते.” मग नंबर. एकेक आकडा सुटा, आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून. “धन्यवाद.”

मनातल्या मनात तिनं आधी शाबासकीच दिली. घाई नाही, चाचरणं नाही, नंबर दोनदा. पोरगी तयार झाली.

मग मुलीचा गुडघा तिच्या काखेजवळच्या पट्टीला लागला आणि ती कळवळली. त्याच जागेची गाठ काढून तपासायला पाठवली होती.

पेशंटला निरोप कसा ठेवायचा हे त्या नव्या मुलीला तिनंच शिकवलं होतं. “समोरचं माणूस कुठे असेल आपल्याला काय ठाऊक? गाडीवर असेल, पोरंबाळं भोवती असतील. उभ्या माणसाला मटकन बसावं लागेल असं काही फोनवर ठेवून द्यायचं नाही.”

“आणि रिपोर्ट चांगला असला तर?”

“मग तिथेच सांगून मोकळं व्हायचं. कुणाचा जीव कशाला टांगून ठेवायचा?”

“म्हणजे ताई, आपण मधात घोळून बोललो की समजायचं, गेलं कामातून.”

“गप गं,” ती म्हणाली होती, आणि दोघी तोंडावर ओढणी धरून हसल्या होत्या.

तिनं निरोप पुन्हा लावला. विसरली असेल. समोर चार माणसं उभी असतील, गडबडीत सांगायचं राहिलं असेल. नवीनच तर आहे. पण निरोपात राहून गेल्यासारखं काहीच नव्हतं. डॉक्टर उशिरापर्यंत थांबणार होते. ते स्वतःच्या बायकोसाठीही पाचनंतर थांबत नाहीत, हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

‘धन्यवाद’नंतर लगेच फोन ठेवलेला नव्हता. शेजारचा दुसरा फोन वाजताना ऐकू येत होता. तो बराच वेळ वाजत राहिला. कुणी उचलला नाही. मग खट्.

“थंडी वाजतेय,” मुलगी म्हणाली.

“हो गं माझे बाई.” तिनं मुलीला ओट्यावर बसवलं, केस पुसले, कानामागचं पाणी टिपलं. बोटांची फट न् फट कोरडी केली. फ्रॉक उलटा घातला, काढला, पुन्हा घातला. फोनचा पडदा मालवून काळा झाला होता.

“आई, ती मावशी तुझ्यासारखी बोलत होती.”

“मीच शिकवलंय तिला.”

“तू पण दवाखान्यात अशीच बोलतेस?”

“हो.”

“सगळ्यांशी?”

“सगळ्यांशी नाही.” बटण काही केल्या काजात जाईना. “एखाद्याशीच.”

मुलीनं स्वतःच ते बटण लावलं. मग ओल्या केसांआडून आईकडे नीट पाहिलं.

“मग तुझं बोलणं ऐकून झालं, की ती माणसं काय करतात?”