पहिल्या पानावरचं नाव

करतारसिंगनं दोन कात्रणं वर्तमानपत्राच्या कचेरीत उपसंपादक पुष्पलताच्या टेबलावर ठेवली. एक गेल्या सोमवारच्या पहिल्या पानावरचं: ‘विमानात बॉम्ब? शीख प्रवासी ताब्यात’. खाली त्याचं नाव, घराचा पत्ता, पगडीतला फोटो. दुसरं शुक्रवारचं, सातव्या पानावरचं, तीन ओळींचं. संबंधित प्रवाशाची चौकशीअंती सुटका झाली, एवढंच त्यात होतं.

पहिला मथळा पुष्पलतानंच दिला होता. १९८५ साल होतं; शीख अतिरेक्यांनी विमानात घडवलेल्या स्फोटाची बातमी ताजी होती. विमान आणि पगडी एका बातमीत आली की उपसंपादकाला मथळ्यासाठी फार विचार करावा लागत नसे.

करतारसिंग उमरेड रोडवर डिझेल पंप दुरुस्त करायचा. खाणीतलं एक यंत्र बंद पडलं, म्हणून कंत्राटदारानं त्याचा पंप देऊन, इथं न मिळणारा भाग बसवून आणायला त्याला विमानानं मुंबईला धाडलं. तो पहिल्यांदाच विमानात बसणार होता. तेवढ्यात विमानतळावर बॉम्बचा फोन आला आणि पोलिसांना त्याच्या सामानात पोत्यात गुंडाळलेला पंप सापडला. चार दिवस तो कोठडीत होता. फोन कॉलेजातल्या एका मुलानं गमतीनं केला होता, हे नंतर उघड झालं.

“त्या पोराचं नाव काहून नाही छापलं?” त्यानं विचारलं.

शेजारच्या टेबलावरून वृत्तसंपादक भैयाजींनी सांगितलं की मुलगा चांगल्या घरचा आहे, शिकतो आहे, त्याच्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न होता.

करतारसिंगनं मान डोलावली. “माही पोरगी दहावीत आहे. आठ दिवस झाले, शाळेत नाही जाऊन राहिली.”

भैयाजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग पुष्पलताला म्हणाले, यांच्या सुटकेची बातमी उद्या पहिल्या पानावर घे. नावासकट.

तिनं लगेच लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर करतारसिंगनं वाचून दाखवायला सांगितलं.

“विमानातील बॉम्ब प्रकरणी करतारसिंग निर्दोष,” तिनं वाचलं.

 मग बॉम्ब हा शब्द काढता येईल का, असं त्यानं हळूच विचारलं. पुष्पलतानं काढून पाहिला. दोनदा नव्यानं लिहिलं. पण तो शब्द काढला की माणूस कशातून निर्दोष सुटला, तेच कळेना. तिनं तसं त्याला सांगितलं.

“मग राहू द्या, बाई,” तो म्हणाला. “ज्यायनं तवा वाचलं नसन, ते बी आता वाचतीन.”

त्यानं कात्रणं खिशात घातली, दोघांना हात जोडले आणि जिना उतरला.

पुष्पलता खिडकीशी गेली. खाली फाटकावरच्या चौकीदारानं त्याला काहीच विचारलं नव्हतं. तरी करतारसिंग थांबला, खांद्यावरची पिशवी उतरवली, तिचं तोंड उघडून त्याला आतलं दाखवलं, आणि मग रस्त्याला लागला.